‘अग्राह्य क्लिक’ : तुझिलिन अहवालाची एक चिकित्सा

सारांश

संकेतस्थळावरील जाहिरातीवर होणारा क्लिक ही वरवर पाहता क्षुल्लक क्रिया असली, तरी तिच्यामागे पैशाचा व्यवहार असतो. कोणता क्लिक ग्राह्य धरून त्याची आकारणी करावयाची आणि कोणता अग्राह्य ठरवून वगळावयाचा, याचा निर्णय जाहिरात नेटवर्क घेते. या निर्णयप्रक्रियेची बाह्य तज्ज्ञाने केलेली एक महत्त्वाची तपासणी म्हणजे अमेरिकेतील ‘लेन्स गिफ्ट्स विरुद्ध गूगल’ या दाव्यातील जुलै २००६ चा तुझिलिन अहवाल होय. प्रस्तुत लेखात या अहवालाच्या मूळ युक्तिवादाची चिकित्सा केली आहे. ‘नियम गुप्त ठेवणे’ आणि ‘निकाल पडताळता न येणे’ या दोन भिन्न गोष्टी अहवालात एकरूप झाल्या असून, त्याचा भार सर्वांत दुर्बल घटकावर म्हणजे लहान संकेतस्थळचालकावर पडतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : अग्राह्य क्लिक, क्लिक-फसवणूक, जाहिरात नेटवर्क, संकेतस्थळचालक, पडताळणी, नैसर्गिक न्याय.

१. प्रास्ताविक

आंतरजालावरील बहुसंख्य संकेतस्थळे वाचकाकडून वर्गणी घेत नाहीत. त्यांचा खर्च जाहिरातींच्या उत्पन्नातून भागतो. प्रारंभीच्या काळात, म्हणजे ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर ऑक्टोबर १९९४ मध्ये बॅनर जाहिराती झळकल्या त्या सुमारास, जाहिरात किती वेळा दाखविली गेली यावर मोबदला ठरविण्याची रीत होती. नियतकालिकातील जाहिरातीच्या दराशी तिचे साधर्म्य होते. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ या शोधसेवेने क्लिकमागे आकारणी आणि त्यासाठी बोली ही पद्धत रूढ केली. गूगलने आपली ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातसेवा २००० मध्ये सुरू केली आणि २००२ मध्ये ती क्लिकनिहाय आकारणीवर आणली. २००३ मध्ये आलेल्या ‘ॲडसेन्स’मुळे कोणत्याही लहान संकेतस्थळाला इतरांच्या जाहिराती लावून उत्पन्न मिळविणे शक्य झाले. येथून या व्यवहारात जाहिरातदार, संकेतस्थळचालक आणि या दोघांना जोडणारे नेटवर्क असे तीन पक्ष निर्माण झाले.

क्लिकला किंमत आली आणि त्याबरोबरच क्लिक बनावट करण्याची प्रेरणाही आली. प्रतिस्पर्ध्याचे जाहिरातीचे अंदाजपत्रक संपविण्यासाठी त्याच्या जाहिरातींवर वारंवार क्लिक करणे, संकेतस्थळचालकाने स्वतःच्याच पृष्ठावरील जाहिरातींवर क्लिक करणे वा करवून घेणे, आणि संगणकीय आज्ञावलीद्वारे मानवी क्लिकचा आभास निर्माण करणे, हे त्याचे प्रमुख प्रकार होत. मे २००४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने भारतात घरबसल्या जाहिरातींवर क्लिक करून पैसे मिळविणाऱ्यांविषयी वृत्त दिले, तेव्हा या प्रश्नाचा भारताशी असलेला संबंध जगासमोर आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गूगलचे तत्कालीन मुख्य वित्त अधिकारी जॉर्ज रेयेस यांनी गुंतवणूकदारांसमोर बोलताना, ही फसवणूक कंपनीच्या व्यवसायपद्धतीलाच धोका ठरू शकते, असे मान्य केले.

या विषयावरील बहुतेक लेखन तंत्राचे आहे. क्लिकचा माग कसा घ्यावा आणि फसवणूक कशी रोखावी, एवढ्याचाच विचार त्यात आढळतो. क्लिक खोटा आहे हे कोणी ठरवावे आणि तो निर्णय कोणाला तपासता यावा, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वस्तुतः तोच या विषयाचा गाभा आहे.

२. अहवालाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २००५ मध्ये ‘लेन्स गिफ्ट्स अँड कलेक्टिबल्स’ या विक्रेत्याने आर्कान्सा राज्यातील मिलर परगण्याच्या न्यायालयात गूगल, याहू व अन्य कंपन्यांविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. खऱ्या ग्राहकांकडून न आलेल्या क्लिकचेही पैसे जाहिरातदारांकडून वसूल केले जातात, अशी त्यातील तक्रार होती. मार्च २००६ मध्ये गूगलने तडजोडीची तयारी दर्शविली आणि जुलै २००६ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. तडजोडीची कमाल रक्कम ९ कोटी डॉलर ठरली. त्यांपैकी ३ कोटी डॉलर वकिलांच्या शुल्कापोटी होते. जाहिरातदारांच्या वाट्याला आली ती रोख रक्कम नव्हे, तर पुढील जाहिरातींसाठीची जमा. २००२ ते २००५ या चार वर्षांत गूगलचे एकत्रित उत्पन्न ११ अब्ज डॉलरांहून अधिक होते, हे ध्यानात घेता तडजोडीची रक्कम त्याच्या एक टक्क्याहूनही कमी भरते.

या तडजोडीचा भाग म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठातील माहितीप्रणालीचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांच्याकडे एक नेमके काम सोपविण्यात आले. अग्राह्य क्लिक ओळखण्याचे गूगलचे प्रयत्न ‘वाजवी’ आहेत किंवा नाहीत, एवढेच त्यांनी ठरवावयाचे होते. त्यांनी कंपनीच्या कार्यालयास भेटी दिल्या, संबंधित अभियंत्यांच्या मुलाखती घेतल्या आणि ४७ पृष्ठांचा अहवाल सादर केला. गूगलचे प्रयत्न वाजवी आहेत, हा त्यांचा निष्कर्ष.

निष्कर्ष कंपनीच्या बाजूचा आहे म्हणून अहवाल दुर्लक्षणीय ठरत नाही. उलट त्याचे खरे मोल निष्कर्षात नसून त्याआधीच्या विवेचनात आहे. चाळण्यांचे नेमके नियम अहवालात दिलेले नसले, तरी क्लिक नोंदविला जातो कसा, त्यावर तत्काळ चाळण्या लावल्या जातात कशा, नंतरच्या तपासात संशयित क्लिक पुन्हा पाहिले जातात कसे आणि जाहिरातदाराची तक्रार आल्यावर काय घडते, याची सुसंगत मांडणी त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी असलेला पेच तुझिलिन यांनी स्पष्ट शब्दांत नोंदविला आहे. त्यांच्या मते, काही उघडउघड प्रकार सोडले, तर अग्राह्य क्लिकची प्रत्यक्ष वापरात आणता येईल अशी संकल्पनात्मक व्याख्याच उपलब्ध नाही. व्यवहारात जी कार्यकारी व्याख्या वापरली जाते, ती जाहीर केल्यास अप्रामाणिक लोक तिचा गैरफायदा घेतील. ती जाहीर न केल्यास, आपल्याकडून अमुक क्लिकचे पैसे का घेतले हे जाहिरातदाराला पडताळता येणार नाही. या पेचाला अहवालात मूलभूत समस्या म्हटले आहे. प्रस्तुत चिकित्सेचा प्रारंभ येथूनच करणे योग्य ठरेल.

३. संज्ञेचा प्रश्न

इंग्रजीत या संदर्भात ‘क्लिक फ्रॉड’ आणि ‘इनव्हॅलिड क्लिक’ अशा दोन संज्ञा प्रचलित आहेत. पहिलीत हेतूचा आरोप आहे, दुसरीत तो नाही. मराठीत ‘इनव्हॅलिड’साठी ‘अवैध’ हा शब्द सहज योजला जातो, परंतु त्यास बेकायदेशीरपणाची छटा आहे. एखाद्या वाचकाचे बोट चुकून जाहिरातीवर पडले, तर तो क्लिक अवैध म्हणता येणार नाही; त्याचे पैसे आकारणे योग्य नाही, एवढेच म्हणता येईल. त्यामुळे ‘अग्राह्य’ ही संज्ञा अधिक उचित वाटते. पुरावा जसा ग्राह्य वा अग्राह्य धरला जातो, तसाच क्लिकही. आणि ग्राह्यता ही वस्तूच्या अंगी असत नाही. ती कोणीतरी द्यावी लागते.

याचे उत्तम उदाहरण अहवालातच आहे. संगणक हाताळण्याची सवय म्हणून अनेक वापरकर्ते जाहिरातीच्या दुव्यावर लागोपाठ दोनदा क्लिक करतात. यातील दुसऱ्या क्लिकमागे फसवणुकीचा हेतू नसतो, पण जाहिरातदाराला त्याचा काही लाभही नसतो. २००५ पूर्वी गूगल या दुसऱ्या क्लिकचीही आकारणी करीत असे. २००५ मध्ये धोरण बदलले आणि तो अग्राह्य मानला जाऊ लागला. वापरकर्त्याचे वर्तन बदलले नव्हते, तंत्रातही काही नवा शोध लागला नव्हता. बदलला तो निर्णय. त्या निर्णयाने एका पक्षाचे उत्पन्न घटले आणि दुसऱ्याचा खर्च वाचला.

यावरून असे दिसते की, अग्राह्य क्लिक शोधणे हे केवळ रोगनिदानासारखे काम नाही. रोग निदानापूर्वीही असतो. अग्राह्य क्लिकच्या बाबतीत मात्र, बनावट यंत्रचलित क्लिकसारखे ठळक प्रकार वगळता, सीमारेषा कोणी आणि कोठे आखली यावर त्याचे अस्तित्व अवलंबून असते. व्याख्या नसल्याची कबुली तुझिलिन देतात. परंतु व्याख्या नसेल तर व्याख्या करण्याचा अधिकार कोणाकडे आहे हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो, हा त्या कबुलीतून निघणारा पुढचा निष्कर्ष मात्र ते काढीत नाहीत.

४. एक क्लिक, तीन नोंदवह्या

क्लिकचा माग घेण्याच्या प्रक्रियेत तीन पक्षांना तीन वेगळी चित्रे दिसतात. वाचक जाहिरातीवर क्लिक करतो तेव्हा त्याचा ब्राउझर प्रथम नेटवर्कच्या सर्व्हरकडे जातो. तेथे वेळ, आयपी पत्ता, ब्राउझरचा प्रकार, कुकी, जाहिरातीचा व संकेतस्थळाचा क्रमांक इत्यादी तपशील नोंदविला जातो. त्यानंतर ब्राउझरला जाहिरातदाराच्या पृष्ठाकडे वळविले जाते. जाहिरातदाराच्या सर्व्हरवर उमटते ती क्लिकची नव्हे, तर आगमनाची नोंद.

या दोन नोंदी जुळतीलच असे नाही. पृष्ठ उघडण्यापूर्वीच वाचकाने खिडकी बंद केली, तर क्लिक नोंदला जातो पण आगमन नाही. याउलट वाचक पृष्ठावरून पुढे जाऊन ‘मागे’ या कळीने परतला किंवा त्याने पृष्ठ पुन्हा ताजे केले, तर एकाच क्लिकची अनेक आगमने नोंदली जातात. ऑगस्ट २००६ मध्ये गूगलने त्रयस्थ लेखापरीक्षण संस्थांच्या अहवालांवर हाच आक्षेप घेतला. आगमनांना क्लिक समजल्याने फसवणुकीचे आकडे फुगतात, असे कंपनीने दाखवून दिले. प्रत्येक क्लिकला स्वतंत्र ओळखक्रमांक जोडला असता हा दोष टाळता येतो. तसा क्रमांक जाहिरातदाराच्या दुव्याला आपोआप जोडण्याची सोय गूगलकडे होती. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या योग्य होता, आणि त्यातून पुढे उपयोगी पडणारी एक गोष्टही सिद्ध झाली : क्लिकनिहाय ताळमेळ घालणे तंत्राच्या दृष्टीने अशक्य नाही.

तिसरा पक्ष संकेतस्थळचालकाचा. ज्याच्या पृष्ठावर क्लिक होतो त्याला तो दिसत नाही, ही या व्यवस्थेतील विचित्र बाब आहे. जाहिरात त्याच्या पृष्ठात एका स्वतंत्र चौकटीत, दुसऱ्या मूळस्थानावरून आलेली असते. ब्राउझरच्या सुरक्षानियमानुसार एका मूळस्थानाच्या आज्ञावलीला दुसऱ्याच्या चौकटीत डोकावता येत नाही. हा नियम वाचकाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. मात्र त्याचा परिणाम असा की, संकेतस्थळचालकाने क्लिकचा माग घेण्यासाठी बसविलेली आज्ञावली केवळ अनुमान करू शकते. माउसचा दर्शक जाहिरातीच्या चौकटीवर असताना मूळ पृष्ठाचा ताबा सुटला, तर क्लिक झाला असावा, असे तिचे तर्कशास्त्र असते. बाजारात मिळणारी ‘क्लिक-संरक्षक’ साधने मुख्यतः अशाच अनुमानावर उभी आहेत. त्यांचा उपयोग आहे, पण त्यांची नोंद नेटवर्कच्या नोंदीपुढे पुरावा म्हणून टिकत नाही.

सारांश, तीन नोंदवह्यांपैकी सर्वांत पूर्ण नोंदवही नेटवर्कची आहे, जाहिरातदाराची अर्धी आहे आणि संकेतस्थळचालकाची तर्काची आहे. माहितीच्या या असमान वाटणीतच निर्णयाच्या असमानतेचे मूळ आहे.

५. ‘वाजवी’ या निकषाची चिकित्सा

नेमके किती अग्राह्य क्लिक सुटून जातात हे मोजण्यासाठी खऱ्या-खोट्याची निर्विवाद माहिती हाताशी हवी, आणि तशी माहिती कोणाकडेही नाही. त्यामुळे अहवालाने अप्रत्यक्ष पुराव्याचा आधार घेतला आहे. नव्याने घातलेल्या चाळण्यांत फारसे नवे अग्राह्य क्लिक सापडत नाहीत. तत्काळ चाळणीतून सुटलेल्यांपैकी नंतरच्या तपासात तुलनेने थोडेच हाती लागतात. यावरून मूळ चाळण्या ठीक काम करीत असाव्यात, असे अनुमान काढले आहे.

या अनुमानातील उणीव सहज लक्षात येण्याजोगी आहे. एकाच विणीच्या दोन चाळण्या एकाखाली एक धरल्या, तर दुसरीत काही साठत नाही. त्यावरून खाली पडलेले पीठ शुद्ध आहे असे म्हणता येत नाही. दोन्ही चाळण्यांची वीण सारखी आहे, एवढेच म्हणता येते. अंतर्गत सुसंगती ही अचूकतेची पूर्वअट असली, तरी तिचा पुरावा नव्हे.

तुलनेने साध्या चाळण्याही चांगले काम करतात, याचे कारण बहुतेक हल्ले साधे असतात, असाही युक्तिवाद अहवालात आहे. तो त्या काळापुरता बऱ्याच अंशी खरा असेल. तथापि त्याच वर्षी ‘क्लिकबॉट-ए’ नावाची आज्ञावली सुमारे एक लाख संगणकांत शिरली. प्रत्येक संगणकाकडून थोडेच क्लिक करवून घ्यावयाचे, म्हणजे कोणताही एक पत्ता संशयास्पद ठरणार नाही, अशी तिची रचना होती. गूगलच्याच अभियंत्यांनी २००७ मध्ये तिचे सविस्तर विच्छेदन प्रसिद्ध केले. हा हल्ला कंपनीने ओळखला, हे श्रेय तिला द्यावयास हवे. परंतु हल्ले साधेच असतात या गृहीतकाचे आयुष्य किती अल्प होते, हेही त्यातून दिसले. नोव्हेंबर २०११ मध्ये उघडकीस आलेल्या एस्टोनियातील टोळीने १०० हून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांना ग्रासून किमान १ कोटी ४० लाख डॉलर मिळविल्याचा आरोप अमेरिकी तपासयंत्रणेने ठेवला होता.

आकड्यांचा प्रश्नही असाच आहे. २००७ मध्ये गूगलने जाहीर केले की, एकूण क्लिकपैकी १० टक्क्यांहून कमी क्लिक चाळण्यांद्वारे आपोआप वगळले जातात, आणि जाहिरातदारांच्या तक्रारीनंतर अग्राह्य ठरणाऱ्या क्लिकचे प्रमाण ०.०२ टक्क्यांहून कमी आहे. त्याच सुमारास ‘क्लिक फॉरेन्सिक्स’ ही त्रयस्थ संस्था उद्योगातील फसवणुकीचे सरासरी प्रमाण सुमारे १४ टक्के सांगत होती. हे आकडे परस्परविरोधी वाटले, तरी ते एकाच गोष्टीचे मापन नव्हते. यातील ०.०२ टक्के हा आकडा विशेष तपासून पाहण्याजोगा आहे. त्याचा छेद सर्व क्लिकांचा आहे, तर अंश केवळ तक्रार होऊन मान्य झालेल्या क्लिकांचा. ज्याच्याकडे क्लिकनिहाय माहितीच नाही, तो तक्रार कशाच्या आधारे करणार? तेव्हा हा आकडा चाळण्यांच्या गुणवत्तेइतकाच जाहिरातदारांच्या अज्ञानाचाही निदर्शक असू शकतो. दोहोंपैकी कोणते कारण प्रबळ, हे त्या आकड्यावरून ठरविता येत नाही.

बाजारपेठ ही चूक आपोआप सुधारते, असाही एक पक्ष मांडला गेला. गूगलचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी एरिक श्मिट यांनी २००६ मध्ये असे म्हटले होते की, तत्त्वतः खोटे क्लिक वाढले की क्लिकमागे विक्री घटते, जाहिरातदार बोली कमी करतात आणि फसवणुकीचा लाभ संपतो. कंपनी प्रत्यक्षात असे क्लिक रोखण्याचाच प्रयत्न करते, हेही त्यांनी सांगितले होते. तात्त्विक युक्तिवाद सरासरीपुरता खरा आहे. पण फसवणूक सरासरीवर होत नसते. प्रतिस्पर्ध्याने हेरलेल्या एका लहान दुकानदाराचे दिवसाचे अंदाजपत्रक सकाळीच संपते, तेव्हा उद्योगाची सरासरी बोली किंचित उतरल्याने त्याची भरपाई होत नाही.

६. संकेतस्थळचालकाची बाजू

तुझिलिन अहवालात अन्याय झालेला पक्ष म्हणून जाहिरातदार आहे. दावा त्याचा असल्याने हे स्वाभाविक होते. परंतु गेल्या दोन दशकांत या व्यवस्थेचा कठोर अनुभव घेणारा दुसरा पक्ष संकेतस्थळचालक हा आहे. जाहिरातदाराचा क्लिक अग्राह्य ठरला तर त्याला जमा मिळते. संकेतस्थळावर अग्राह्य क्लिक आढळले, तर चालकाचे उत्पन्न कापले जाते, आणि प्रसंगी त्याचे खातेच बंद होते. कारण विचारल्यास, तपासपद्धतीच्या संरक्षणासाठी तपशील देता येत नाही, हे उत्तर असते. पुनर्विचाराचा अर्ज करता येतो, पण ज्या आरोपाचा तपशील ठाऊक नाही त्याला उत्तर कसे द्यावयाचे, हा प्रश्न उरतोच.

येथे संकेतस्थळचालक निष्पाप असण्याची शक्यता केवळ सैद्धांतिक नाही. कोणीही द्वेषाने त्याच्या पृष्ठावरील जाहिरातींवर शेकडो क्लिक करू शकतो. या प्रकाराला ‘क्लिक बॉम्बिंग’ असे म्हणतात. त्यात हल्ला संकेतस्थळावर होतो आणि संशयही त्याच्यावरच येतो.

द्वेष नसतानाही असे घडू शकते. समजा, एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी मराठीतून अभ्याससाहित्याचे संकेतस्थळ चालविले आहे. मराठी ही ॲडसेन्सने मान्य केलेल्या भाषांपैकी एक असल्याने त्यावर जाहिराती लावता येतात. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील सर्व संगणक आंतरजालाला एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याने जोडलेले असतात. तासिकेच्या वेळी साठ विद्यार्थी तेच पृष्ठ उघडतात आणि त्यांपैकी काही जण कुतूहलाने जाहिरातीवर क्लिक करतात. नेटवर्कच्या नोंदवहीत हे चित्र एका पत्त्यावरून अल्पावधीत झालेल्या अनेक क्लिकचे, म्हणजे फसवणुकीच्या पाठ्यपुस्तकी नमुन्याचे उमटते. मोबाइल सेवेतही असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. त्यामुळे ‘एका पत्त्यावरून इतके क्लिक झाले की तो पत्ता रोखा’ हा प्रतिबंधाचा सर्वांत प्रचलित उपाय भारतीय परिस्थितीत निरपराधांनाही सहज कवेत घेतो.

म्हणून संकेतस्थळाच्या पातळीवर योजता येणाऱ्या उपायांच्या मर्यादा ओळखूनच ते योजले पाहिजेत. जाहिराती मेनू वा ‘डाउनलोड’ यांसारख्या कळींपासून दूर ठेवणे, स्वतः क्लिक न करणे व इतरांना तसे न सुचविणे, सर्व्हरच्या नोंदी जतन करणे, एकाच वाचकाकडून असामान्य क्लिक झाल्याचे अनुमान निघाल्यास त्याला काही काळ जाहिरात न दाखविणे, आणि संशय येताच नेटवर्कला स्वतःहून कळविणे, हे त्यांतील विवेकी उपाय होत. त्यांनी अपघाती क्लिक घटतात आणि चालकाच्या सद्‌हेतूची नोंद राहते. मात्र निर्णयाचा अधिकार त्यांनी हलत नाही.

या संदर्भात एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. एस्टोनियातील टोळीचा सूत्रधार व्लादिमिर त्सास्तसिन याला २०१६ मध्ये ८७ महिन्यांची शिक्षा झाली. बनावट संकेतस्थळे व यंत्रचलित वाचक उभे करणाऱ्या ‘मेथबॉट’ प्रकरणातील अलेक्सांद्र झुकोव्ह याला २०२१ मध्ये ज्यूरीसमोरील खटल्यानंतर दहा वर्षांची शिक्षा झाली. लक्षावधी डॉलरांच्या फसवणुकीचा आरोप असलेल्यांना आरोपपत्र मिळाले, वकील मिळाला. महिन्याला काही शे रुपये मिळविणाऱ्या संकेतस्थळचालकाला मात्र आरोपाचा तपशीलही मिळत नाही. पहिली कारवाई फौजदारी कायद्याची आणि दुसरी खासगी कराराची, हा भेद खरा आहे. पण तेवढ्याने ‘दुसरी बाजूही ऐकून घ्या’ या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचे प्रयोजन संपत नाही.

७. नियम आणि निकाल यांतील भेद

आता मूळ पेचाकडे वळता येईल. व्याख्या जाहीर केली तर गैरफायदा, न केली तर पडताळणी नाही, अशी तुझिलिन यांची मांडणी आहे. यात एक गृहीतक दडलेले आहे : नियम ठाऊक असल्याशिवाय निकाल पडताळता येत नाही. हे गृहीतक सर्वत्र खरे ठरत नाही.

शिक्षणक्षेत्रातील उदाहरण घेऊ. परीक्षेत प्रश्नपत्रिका अगोदर गुप्त असते आणि परीक्षकाची ओळखही गुप्त राहते. तरीही परीक्षार्थीला तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली हा हक्क मान्य केला आणि त्याच वेळी परीक्षकांची नावे उघड न करण्याची मुभा कायम ठेवली. गोपनीयतेने परीक्षेची विश्वासार्हता राखली जाते आणि निकाल पाहण्याच्या हक्काने परीक्षार्थीचा न्याय राखला जातो. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

क्लिकच्या बाबतीतही बाहेरून पडताळणीच्या पद्धती संशोधकांनी सुचविल्या आहेत. हमेद हद्दादी यांनी २०१० मध्ये ‘फसव्या जाहिराती’ची कल्पना मांडली. वाचकाच्या आवडीशी पूर्णतः विसंगत वा अर्थहीन जाहिरात मुद्दाम दाखवावयाची. तिच्यावर होणारे क्लिक खऱ्या रसापोटी झालेले असण्याचा संभव फारच थोडा असतो. वाचा दवे, सैकत गुहा आणि यिन झांग यांनी २०१२ मध्ये दहा जाहिरात नेटवर्कचे मापन प्रसिद्ध केले. क्लिक केल्यानंतर थेट पृष्ठ न दाखविता मध्ये एक छोटा अडथळा ठेवावयाचा, आणि तो ओलांडणाऱ्यांच्या प्रमाणाची तुलना करून खोट्या क्लिकचा अंदाज बांधावयाचा, असे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. या दोन्ही पद्धतींत नेटवर्कच्या गुप्त चाळण्यांची माहिती लागत नाही. त्या प्रत्येक क्लिकचा निवाडा करीत नाहीत, पण नेटवर्कच्या निवाड्याची एकूण अचूकता तपासतात.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. प्रत्येक क्लिकचा निकाल कळविला, तर फसवणूक करणारा वेगवेगळे प्रयोग करून चाळणीचे नियम हुडकून काढील. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर मौन हे नव्हे. निकाल काही दिवसांच्या विलंबाने आणि दिवसनिहाय व प्रकारनिहाय एकत्रित स्वरूपात देता येतो. शिवाय महिन्याच्या हिशेबात कापलेली रक्कम दिसतच असल्याने फसवणूक करणाऱ्याला काही सूचना आजही मिळतेच. पूर्ण मौनाने चतुर गुन्हेगाराची थोडी अडचण होते, पण निरपराध चालकाचा मार्ग साफ बंद होतो.

उद्योगाने काही पावले उचलली आहेत, हेही नमूद करणे आवश्यक आहे. मे २००९ मध्ये क्लिक-मापनाची मार्गदर्शक तत्त्वे आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेतील ‘मीडिया रेटिंग कौन्सिल’ने अग्राह्य रहदारीचे ‘सर्वसाधारण’ आणि ‘अत्याधुनिक’ असे दोन वर्ग निश्चित केले. तथापि ही संस्था मापनाच्या प्रक्रियेचे परीक्षण करते. एकेका तक्रारीचा निवाडा करीत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीने मंचावरील व्यावसायिकांना सेवा खंडित करताना कारणे मिळण्याचा हक्क दिला, पण सर्वसाधारण जाहिरात साधने व जाहिरात-विनिमय त्यातून वगळले. २०२२ च्या डिजिटल सेवा अधिनियमात मोबदला रोखतानाही कारणे देण्याचे तत्त्व आले असले, तरी त्याची चौकट मुख्यतः आशयावरील निर्बंधांची आहे. २०२४ पासून ॲडसेन्समध्ये संकेतस्थळचालकाला प्रामुख्याने जाहिरात दाखविण्याचा मोबदला मिळतो. त्यामुळे क्लिकइतकाच ‘वाचक खरा की खोटा’ हा प्रश्न पुढे आला आहे. प्रश्नाचे नाव बदलले आहे, निर्णयकर्ता तोच आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) अग्राह्य क्लिक ही काही ठळक प्रकार वगळता शोधली जाणारी वस्तुस्थिती नसून ठरविली जाणारी बाब आहे. तुझिलिन अहवालाने व्याख्येच्या अभावाची प्रामाणिक कबुली दिली, हे त्याचे स्थायी मोल होय.

(२) अहवालाचा ‘वाजवी’ हा निष्कर्ष मुख्यतः अंतर्गत सुसंगतीवर आधारित आहे. प्रयत्न वाजवी असणे आणि निर्णय न्याय्य असणे यांत अंतर आहे. अहवालाकडे पहिलाच प्रश्न सोपविला गेला होता. त्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वीकारता येत नाही.

(३) नियमांची गोपनीयता आणि निकालाची पडताळणी यांचा विरोध अपरिहार्य नाही. विलंबित व एकत्रित निकाल, किमान आरोपाचा प्रकार व कालखंड कळविणे, आणि मूळ निर्णय घेणाऱ्या विभागाबाहेरील व्यक्तीकडे पुनर्विचार सोपविणे, एवढ्याने चाळणीचे रहस्य फुटत नाही.

(४) संकेतस्थळाच्या पातळीवरील प्रतिबंधक उपाय आवश्यक असले, तरी आयपी पत्त्यावर आधारलेले उपाय भारतीय परिस्थितीत सावधपणे वापरले पाहिजेत.

प्रादेशिक भाषांत लहान संकेतस्थळे चालविणाऱ्यांत शिक्षक, ग्रंथपाल आणि हौशी अभ्यासक आहेत. त्यांचे उत्पन्न अल्प असले, तरी एका अनाकलनीय निर्णयाने ते बंद पडले, तर अनेकदा संकेतस्थळही बंद पडते आणि त्याबरोबर त्या भाषेतील साहित्याचा एक साठा नाहीसा होतो. क्लिकची मोजणी हा संगणकशास्त्राचा विषय खराच, पण त्या मोजणीचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणाला असावा, हे ठरविताना वाणिज्य, विधी आणि समाजशास्त्र या विद्याशाखांनाही आपला वाटा उचलावा लागेल.